किंडी: अख्ख्या घराने मिळून ऐकायची गाणी

मुलांसाठी नवी गाणी शोधताय? मग अमेरिकेतलं 'किंडी' संगीत ऐकाच. 'किड्स' आणि 'इंडी' (म्हणजे स्वतंत्र कलाकारांचं संगीत) मिळून हा शब्द झाला 🎵

सुरुवात डॅन झेन्सपासून करा. आधी ते 'डेल फ्युएगोज' या रॉक बँडमध्ये गायचे. मुलगी झाल्यावर मोठ्यांनाही गावीशी वाटतील अशी गाणी त्यांनी करायला घेतली. २००० मध्ये स्वतःच्याच लेबलवर 'रॉकेट शिप बीच' हा अल्बम काढला. पुढे 'कॅच दॅट ट्रेन!' या अल्बमला २००७ चं ग्रॅमी मिळालं.

आणखी हवं असेल तर:
👉 ग्रॅमीच्या बालसंगीत विभागातली दरवर्षीची नामांकनं चाळा.
👉 बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावर 'किड्स' टॅग शोधा.

अल्बम आवडला तर विकत घ्या. स्वतंत्र कलाकारांना त्याचाच खरा आधार असतो. आणि मुलांच्या हाती नुसता मोबाइल देऊ नका, सोबत बसून ऐका!