धूर, पिंप आणि डास

सोलापुरात डेंग्यूचे रुग्ण वाढले की सात रस्त्यापासून पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्त्यांपर्यंत मागणी एकच: धुराची गाडी पाठवा. पाठोपाठ तक्रारही ठरलेली, औषधात दम नाही. पण औषध अस्सल असूनही डास मरत नाहीत, हे आपल्याकडे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. देशात 1953 साली डीडीटीची मोहीम सुरू झाली आणि वर्षाला साडेसात कोटींच्या घरातला हिवताप 1965च्या सुमारास लाखभर रुग्णांवर आला. दरम्यान 1959 सालीच, सोलापूरप्रमाणे तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यात डीडीटीला दाद न देणारे, हिवताप पसरवणारे अॅनोफिलीस डास सापडले होते. 1976 साली रुग्ण 64 लाखांवर गेले. त्यात ढिलाईचा आणि आटलेल्या पैशाचाही वाटा होता. सगळे खापर डासाच्या माथी फोडता येत नाही.

डासाला औषधाची सवय होते, असे आपण म्हणतो. सवय एकट्या डासाला होत नसते. डीडीटी त्याच्या मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटेवर घाव घालते. हजारोंत एखाद्याची ही वाट जन्मतःच किंचित वेगळी असते. फवारणीत बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढची पिढी त्याची होते. उन्हाळ्यात अशी पिढी दोन-तीन आठवड्यांत उभी राहते. घरोघरी लावतो त्या कॉइल आणि लिक्विडमधली पायरेथ्रॉइड औषधेही घाव घालतात त्याच जागी, म्हणजे निवड रात्रभर चालूच. मग औषध बदला? बदलले होते. मॅलेथिऑन आले, तर ते पचवणारी विकरे जास्त असलेले डास पुढे आले. म्हणून फवारणी बंद करा, असेही नाही. साथीत विषाणू वाहणारी मादी तातडीने मारावीच लागते. फक्त आधी तपासावे: औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास तासभर ठेवायचे आणि चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. नव्वद टक्क्यांहून कमी मेले, तर त्या औषधाचा धूर म्हणजे निव्वळ देखावा.

डेंग्यूचा एडिस तर पिंपाचा डास. मुळात तो आफ्रिकेतल्या जंगलातला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जिथे कोरडा ऋतू लांब आणि कडक, तिथल्या एडिसला माणसाचा वास अधिक ओढतो. कारण बहुधा हे, की तिथे अंडी घालण्याजोगे पाणी माणसाच्या भांड्यांतच उरते. उजनी धरण असूनही वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापुरात पिंप, हौद, बॅरल भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. लोक बेफिकीर आहेत, हा आरोप इथे लंगडा पडतो. प्यायचे पाणी कोण ओतून देईल? रोज पाणी आले तरी साठवण एकदम थांबणार नाही, हे खरे. भरवसा बसायला वेळ लागेल. तोवर साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ ठरावीक वाराला न ठेवता त्या त्या भागात पाण्याच्या पाळीला जोडावा. नळ येण्याआधी पिंप तसेही तळाला गेलेले असते. तेव्हा ते नुसते उपडे करून भागत नाही. आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली काळी अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात, ती काथ्याने घासूनच काढावी लागतात.