एच की एक्स?

सुट्टीत बाबांकडे फोर्ट विल्यमला, म्हणजे आताच्या विजय दुर्गात, गेलो होतो. शेजारच्या काकांच्या जुन्या व्ही-८ इम्पालाच्या दोन एक्झॉस्टमध्ये जोडपाइप बसवायचा होता. मी लगेच म्हणालो, "एक्स!" उस्तादांनी विचारलं, "का?" मी गप्प.

मग त्यांनी समजावलं. व्ही-८ मध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, प्रत्येकीचा पाइप वेगळा. एकाच रांगेतले दोन सिलिंडर लागोपाठ पेटले की त्या पाइपात दाब वाढतो. जोडपाइप तो दुसरीकडे वाटतो. एच म्हणजे आडवी नळी: बसवायला सोपी, आवाज घुमणारा. एक्समध्ये दोन्ही प्रवाह मिसळतात. फायदा जास्त आरपीएमला, आवाज चढा.

काकांची गाडी रविवारी मैदानाभोवती सावकाश फिरते. या वेळी मी विचार करून म्हणालो, "एच." उस्ताद हसले आणि त्यांनी पाना माझ्या हातात दिला.