नेव्हिल कोण? हॅट-ट्रिकवाला!
एफसी रोडच्या कट्ट्यावर मेस्सीचे आकडे तोंडपाठ सांगणाऱ्या दोस्ताला विचारा, नेव्हिल डिसोझा कोण? बहुतेक विकेट जाईल! गोव्यातल्या आसगावचा हा सेंटर फॉरवर्ड मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळायचा. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. पठ्ठ्याने चक्क ३ गोल ठोकले, भारत ४-२ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच, पण आपण १-४ हरलो. एकूण ४ गोल. स्पर्धेत संयुक्त टॉप स्कोअरर! भारत चौथा आला. १९६० नंतर तर आपली टीम ऑलिंपिकला पोचलीच नाही. १९८० मध्ये, पन्नाशीच्या आतच, नेव्हिल गेला. ऑलिंपिकमधली भारताची फुटबॉल हॅट-ट्रिक अजून ती एकच.