दुबईतले विकाऊ घर आणि त्याचे अंगण

घर विकायला काढले की गिऱ्हाईक आधी फाटकाशी थांबते आणि निम्मा निर्णय तिथेच करते. आतली स्वयंपाकघरे, न्हाणीघरे कितीही सुरेख असोत, बाहेरच्या भिंतीला पोपडे आलेले दिसले की त्याच्या मनात भाव उतरू लागतो. ही गोष्ट आम्ही गेल्या हिवाळ्यात दुबईला एका मराठी कुटुंबाकडे राहून जवळून पाहिली, म्हणून तिचा वृत्तांत वाचकांना देत आहोत.

आमचे यजमान मूळचे रत्नागिरीकडचे, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज जिथून आले त्याच भागातले. दुबईत परदेशी माणसाला ठरावीक वसाहतींत घर विकत घेण्याची मुभा २००२ साली मिळाली आणि २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने तिला पक्का आधार आला. त्याआधी आपले लोक तिथे भाड्यानेच राहत. यजमानांनी नोकरीतली सारी शिल्लक घालून एक लहानसा बंगला घेतला. आता नोकरी संपत आली होती. तिकडे राहण्याचा परवाना बहुतेकांचा नोकरीलाच बांधलेला असतो. २० लाख दिर्‍हॅम किंवा अधिक किमतीचे घर असल्यास १० वर्षांचा परवाना मिळू शकतो, पण यांचे घर तेवढ्या किमतीचे नव्हते. तेव्हा घर विकून गावी परतायचे ठरले. म्हातारपणाची सगळी पुंजी त्या चार भिंतींत होती, ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

दर्शनी भिंत मात्र पाहवत नव्हती. खालच्या दोन फुटांत लोणा लागला होता. पांढरी भुकटी हाताला येई आणि रंगाचे पापुद्रे सुटलेले. एकाने सल्ला दिला, "वरून दोन हात मारा, विक्री होईपर्यंत टिकेल." यजमानांना तो पटला नाही. वहिनी तर स्पष्टच म्हणाल्या, "उद्या घेणाऱ्याने शिव्या दिल्या तर त्या आपल्यालाच लागतील ना?"

मग कारण शोधायला बसले. कारण निघाले अगदी घरगुती. भिंतीला खेटून बोगनवेलीचा वाफा होता आणि त्यात ठिबकाची नळी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी सोडत होती. तिकडच्या जमिनीत खार भरपूर. ओल भिंतीत चढते, पाणी उडून जाते, मीठ गिलाव्यात राहते आणि फुगून रंग ढकलून देते. वाफा दीड हात पुढे सरकवला, नळी बदलली, सुटलेला गिलावा खरवडून काढला आणि भिंत तीन आठवडे उघडीच वाळू दिली. त्यानंतर नवा गिलावा आणि मग रंग. खर्च रंगाहून मजुरीचाच अधिक झाला.

रंगाची निवडही आपल्या हाती नसते. अशा वसाहतींत बाहेरच्या रंगाच्या छटा ठरवून दिलेल्या असतात, बहुधा वाळूसारख्याच. आपल्याकडे मॉरिशसमध्ये एक घर निळे तर शेजारचे गुलाबी, तसे तिथे चालायचे नाही. याहून मोठी अडचण गाडीवरच्या मांडवाची झाली. तो पूर्वी कधीतरी कुणाला न विचारता उभारला होता. घर दुसऱ्याच्या नावे करण्यापूर्वी वसाहत उभारणाऱ्या कंपनीचे ना-हरकत पत्र लागते आणि बंगला असल्यास पुष्कळदा माणूस येऊन पाहणीही करतो. परवानगीविना केलेले बांधकाम निघाले की पत्र अडते. मांडव उतरवावा लागला. सुशोभनाला हात घालण्याआधी कागद तपासावेत, हे तिथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना आवर्जून कळवावे.

हिरवळीचा हट्ट मात्र यजमानांनी सोडला. तिकडचे पाणी बव्हंशी समुद्राचे गोडे केलेले, ते गवताला पाजत बसणे परवडत नाही. त्याऐवजी बारीक खडी पसरली, कडेला बोगनवेल ठेवली, एक कडुनिंब होताच त्याची छाटणी केली. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल दिले, दिव्याची काच पुसली. खरे सांगायचे तर सगळ्यांत जास्त फरक धूळ धुतल्यानेच पडला.

अशी कामे नोव्हेंबर ते मार्च यांतच काढावीत. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करायला तिथे कायद्याने मनाई असते. भिंतीवर चढणारा रंगारीही कुणाचा तरी मुलगा असतो, तेव्हा ही मनाई योग्यच आहे.

एका संध्याकाळी आम्ही अल फहिदी, म्हणजे जुने बस्ताकिया, पाहून आलो. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेली ही वस्ती. भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या आणि वर वारा खाली खेचणारे मनोरे. १९८० च्या दशकात बरीचशी वस्ती पाडली गेली आणि उरलेली पुढे जपली गेली. नव्या बंगल्यांवर आता तसेच मनोरे शोभेला बसवतात. त्यांतून वारा येत नाही, पण गिऱ्हाईक येते म्हणतात!

आम्हाला तिथे आपली घरे आठवली. १९६० च्या कॅरोल वादळानंतर आपण पत्रा-लाकूड सोडून सिमेंटकडे वळलो आणि गच्चीवर लोखंडी सळ्या उघड्या ठेवल्या, मुलाचा मजला चढेल म्हणून. विकायच्या दृष्टीने त्या सळ्या कुरूपच. पण ते घर विकण्यासाठी बांधलेलेच नव्हते.

यजमानांच्या दारात एक लहानसे तुळशीवृंदावन होते. दलाल म्हणाला, घेणारा कोणत्याही धर्माचा असेल, हे हलवा. वहिनींनी एवढेच सांगितले, की फोटो दुसऱ्या बाजूने काढा. तुळस जागची हलली नाही. चौथ्या आठवड्यात गिऱ्हाईक आले, नवरा-बायको दोघेही. त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी हात लावून ओल पाहिली आणि यजमानांनी लोण्याची सगळी हकीकत त्यांना सांगितली. किमतीत थोडी घासाघीस झाली. पुढे सरकारी नोंदणीचे ४ टक्के घेणाऱ्याने भरले, तिकडे बहुधा तीच रीत आहे.

किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी वाळलेल्या मंजिऱ्या खुडून कागदात पुडी बांधली आणि पर्समध्ये ठेवली. तुळशीचे रोप शेजारच्या मल्याळी बाई कुंडीसकट घेऊन गेल्या.