जुन्या गाडीत नवं इंजिन टाकण्याआधी आरसी बुक उघडा



गेल्या महिन्यात उमेळ्याचा एक तरुण मला भेटायला आला. त्याच्या अंगणात वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे. वालीवला एक गाळा भाड्याने बघून ठेवलाय, साडेतीन लाखांचं भांडवल जमवलंय आणि त्यातले दीड लाख आईची एफडी मोडून येणार आहेत. प्लॅन असा: पद्मिनीत आजकालच्या छोट्या गाडीचं इंजिन बसवायचं, गाडी लग्नाला भाड्याने द्यायची आणि ती बघून जी गिऱ्हाइकं येतील त्यांच्या जुन्या गाड्यांनाही तसंच करून द्यायचं. मी म्हटलं, कायद्याचं काय? तर म्हणाला, "सर, नवीन इंजिन म्हणजे धूर कमीच. पीयूसी आरामात निघते. मग प्रॉब्लेम काय?"

हाच प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असणार, म्हणून व्हिडिओत जे घाईत सांगितलं ते इथे नीट लिहितोय.

आधी एक मान्य करू. मागणी खरी आहे. पद्मिनी आपल्या कुर्ल्याला बनायची. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली आणि लोकांना अचानक आपापल्या घरातली फियाट आठवली. ती टॅक्सी गेली 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, आणि ती मर्यादा टॅक्सीला आहे. खाजगी गाडीला महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते दिल्ली परिसरातलं आहे. आपल्याकडे 15 वर्षांनी गाडी आरटीओत तपासून घ्यायची, नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि पुढे दर 5 वर्षांनी तेच. 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये झालंय. खर्च आहे, पण रस्ता बंद नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. पीयूसीचं मशीन फक्त धूर मोजतं. गाडीच्या वयाप्रमाणे मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे 1984 च्या गाडीत नवं इंजिन टाकलं तर ती पास होणारच, त्यात नवल काय? पण बॉनेटखालचं इंजिन आरसीवरचंच आहे का, हे ते मशीन बघत नाही. ते बघतं मोटार वाहन कायद्याचं कलम 52. हे कलम सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे आरसीवरची माहिती आणि उत्पादकाने मुळात दिलेली माहिती जुळणार नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. खराब झालेलं इंजिन बदलता येतं, पण ते आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या ताकदीचं इंजिन आपल्या मनाने बसवायचं, हे त्यात बसत नाही.

इथे नीट लक्ष द्या, कारण हे बहुतेक गॅरेजवाल्यांना माहीत नसतं. कलम 182-अ मध्ये दोन वेगळ्या शिक्षा आहेत. गाडीच्या मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण 'डीलर'ने तसा बदल करून दिला तर प्रत्येक गाडीमागे 1 लाख रुपये किंवा 1 वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही म्हणाल, मी कुठे डीलर, माझं तर साधं गॅरेज. कायद्यातली डीलरची व्याख्या उघडून बघा. गाडी दुरुस्तीचा धंदा करणाराही त्यात येतो. म्हणजे गिऱ्हाईक पाच हजारात सुटेल आणि तुमच्या गाळ्याच्या डोक्यावर लाखाची टांगती तलवार राहील. शिवाय अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. मग गिऱ्हाईक कोणाच्या दारात येऊन उभं राहणार?

त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता: "मग व्हिंटेज म्हणून नोंदवू?" ही सोय आहे. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने त्याचे नियम आणले. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. म्हणजे 'मॉडिफाय' आणि 'व्हिंटेज' हे दोन शब्द कायद्याच्या दृष्टीने एका गाडीवर बसतच नाहीत. त्याच्या पद्मिनीला 50 वर्षं होतील 2034 मध्ये. आज मूळ इंजिन भंगारात घातलं, तर तेव्हाचा हक्कही आजच गेला. मूळ इंजिन कितीही दमलेलं असो, ते विकू नका.

लग्नाचं भाडं हा आणखी एक खड्डा. आपल्या वसईत लग्नाला जुनी सजवलेली गाडी हवी असते, हे मला सांगायला नको. पण व्हिंटेज नंबरची गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर येऊ शकते, धंद्यासाठी नाही. साध्या पांढऱ्या पाटीवर भाडं घेतलं तर तो परमिटशिवाय वापर होतो आणि त्याला पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आणि कैदेची तरतूद आहे. टुरिस्ट परमिट घ्यावं म्हटलं तर तिथेही वयाची अट, 40 वर्षांच्या गाडीचा तिथे नंबर लागत नाही. "सगळेच करतात" हे वाक्य बिझनेस प्लॅनमध्ये लिहिता येत नाही, मित्रांनो.

एवढं ऐकून तो गप्प झाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग आम्ही उलट्या बाजूने हिशोब मांडला: यात कायदेशीर काम कोणतं उरतं? बरंच उरतं.

जुन्या गाड्यांच्या मालकांची खरी डोकेदुखी म्हणजे मूळ इंजिनावर पीयूसी पास करून घेणं. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1,500 पीपीएमपर्यंत चालतं. पुढच्या भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना हेच आकडे 0.5 टक्के आणि 750 आहेत, म्हणजे जुन्या गाडीला भरपूर सवलत आहे. तरीही ती नापास होते, कारण कोणी नीट ट्यूनिंग करत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा कार्बोरेटरची फ्लोट लेव्हल चुकलीय. हायड्रोकार्बन जास्त आला तर पेट्रोल न जळताच बाहेर येतंय: प्लग, पॉइंटचा गॅप, टायमिंग बघा. तेही ठीक असेल तर रिंगा गेल्यात. आणि तपासणीला गाडी थंड नेऊ नका. वीसेक मिनिटं चालवून, गरम इंजिनावर न्या.

त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम त्याला टिकत नाहीत, टाकीत पाणी धरतं. पाइप बदलणं, टाकी साफ करणं, जेट जुळवणं, हे प्रत्येक कार्बोरेटरवाल्या गाडीला लागणारं काम आहे. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीची पीयूसी दर 6 महिन्यांनी काढावी लागते. म्हणजे तेच गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तुमच्याकडे!

ज्याला इंधनच बदलायचंय, त्याच्यासाठी सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किटचा रस्ता कायद्यात आहे. पण किट मान्यताप्राप्त हवं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र मागा आणि ते त्या गाडीला लागू पडतं का ते वाचा. बसवणाराही किट कंपनीचा अधिकृत हवा आणि शेवटी आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची. विक्रेत्याने "चालतं हो" म्हटलं तर उठून या.

त्या पोराने गाळा घेतला, पण निम्म्या आकाराचा. आईची एफडी मोडली नाही. गाडी आत घेण्याआधी तो आरसी मागतो, इंजिन आणि चॅसिस नंबरचा फोटो काढतो आणि जॉब कार्डवर मालकाची सही घेतो. नंबर जुळत नसेल तर काम सुरू करत नाही, आधी आरटीओचा कागद आणा म्हणतो. पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं त्यामुळे परत गेली, त्यातलं एक कागद घेऊन पुन्हा आलं. घरची पद्मिनी अजून मूळ इंजिनावरच आहे. कार्बोरेटर खोलला तेव्हा कार्बन मोनॉक्साइड 4 च्या वर होता, परवा त्याने 2.1 ची स्लिप पाठवली. आता रंग मूळचाच ठेवायचा की बदलायचा यावर घरात वाद चालू आहे. बदलणार असतील तर तीही नोंद आरसीवर लागेल, हे मी त्याला आत्ताच कळवलंय.