मूत्रपिंडाचे दुखणे आणि सरकारी तिजोरी

भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे आणि उत्तनचे कोळीवाडे यांच्या सान्निध्यात गेल्या चार दशकांत दाटीवाटीने वाढलेल्या आमच्या या नगरात, जिथे पिण्याचे पाणी शहाड-टेमघरच्या आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या जलवाहिन्यांतून दुरून येते आणि उन्हाळ्यात तेही पुरत नाही, तिथे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा विचार करू लागले की प्रथम पाण्याचाच हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. कारण चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये, मिनिटाला अर्धा लिटर या प्रमाणाने, सुमारे १२० लिटर शुद्ध द्राव खर्ची पडतो, आणि तेवढे शुद्ध पाणी हाती यावे म्हणून त्याहून पुष्कळ अधिक पाणी शुद्धीकरण यंत्रात सोडावे लागते. हा क्रम सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्य असेतो चालवायचा असतो.

केंद्रात पाऊल टाकताच रुग्ण वजनकाट्यावर उभा राहतो. ‘काका, आज किती भरलं?’ हा तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न. मागच्या खेपेपासून वाढलेला एकेक किलो म्हणजे अंगात साचलेले जवळजवळ लिटरभर पाणी, आणि तेवढे आज काढायचे. मग रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडून तयार केलेल्या हातावरील फिस्टुलावर बोटे टेकवून तिची थरथर अजमावतात आणि दोन जाड सुया टोचतात. ती थरथर थांबली तर रुग्णाच्या घरात सुतकासारखी शांतता पसरते.

या उपचाराचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या कुवतीप्रमाणे आणि वृत्तीप्रमाणे दिले आहे. सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली हातात कायम ठेवता येईल अशी नळी बसवून वारंवार डायलिसिस करणे शक्य केले खरे. परंतु यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक, म्हणून कोणाला यंत्र द्यावे हे ठरवण्याकरिता तेथे नागरिकांची एक समिती नेमली गेली, आणि धर्मोपदेशक, वकील, गृहिणी, कामगारपुढारी अशा सात जणांनी माणसाचे उत्पन्न, कुटुंब आणि समाजातील स्थान पाहून त्याच्या जगण्यामरण्याचा निवाडा केला. इतका भयंकर अधिकार कोणत्याही सत्प्रवृत्त माणसाच्या हाती पडू नये, असे मला अंतःकरणापासून वाटते. पुढे १९७२ साली अमेरिकेने कायदा करून, वयाची अट न ठेवता, जवळजवळ सर्वच रुग्णांच्या डायलिसिसचा भार सरकारी विम्यावर घेतला.

आपल्याकडे ही जाग उशिरा आली. वास्तविक देशातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण १९६५ सालीच मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाले होते. तथापि गरिबाला मोफत डायलिसिस मिळावे अशी राष्ट्रीय तजवीज २०१६ च्या अर्थसंकल्पात प्रथम झाली. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत डायलिसिस समाविष्ट आहे, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली. शिधापत्रिका, दाखला, मंजुरी एवढे सोपस्कार उरकले की अंगीकृत रुग्णालयात यंत्राचे पैसे पडत नाहीत. परंतु ज्याला मीरा रोडहून मुंबईस जावे लागते त्याचा रिक्षाचा खर्च, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, आणि सुया काढल्यावर गळून गेलेल्या देहाने गर्दीच्या लोकलमध्ये चढण्याचे कष्ट यांची भरपाई कोणत्याही फायलीत होत नाही.

म्हणूनच हाँगकाँगचे उदाहरण मला विशेष विचारणीय वाटते. तेथील सरकारी रुग्णालयांनी १९८५ पासून असे धोरण ठेवले की, वैद्यकीय अडचण नसेल तर नव्या रुग्णास प्रथम पोटातले डायलिसिस द्यावे. म्हणजे उदरात बसवलेल्या नळीवाटे दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढायची, आणि असे दिवसातून तीनचार वेळा घरच्या घरी करायचे. स्वच्छतेत कसूर झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, हे खरेच. पण ‘वन रूम किचनमध्ये खोकी ठेवायची कुठे?’ ही आपल्याकडे हमखास निघणारी शंका हाँगकाँगच्या खुराड्याएवढ्या घरांनी केव्हाच निकालात काढली आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१९ पासून या पद्धतीला स्थान आहे. ते कागदावरून मीरा-भाईंदरच्या इमारतींपर्यंत पोहोचायला हवे.

याच्याही अगोदरची पायरी जपानने दाखवली. तेथे लाखो रुग्ण डायलिसिसवर दीर्घकाळ जगतात, आणि त्याच देशाने १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासण्यास आरंभ केला. आपल्या महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माणसे रांगेत उभी असतात. मूत्रपिंडे निकामी करणारे हेच दोन प्रमुख रोग, आणि सूज येईपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. या रांगेतल्या प्रत्येकाच्या लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासून, तो आकडा त्याच्या केसपेपरवर मागील वर्षाच्या आकड्याशेजारी लिहिण्याची सक्ती करावी, आणि त्यासाठी आरोग्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद व्हावी.