खाकी वेषातील मुलींची बोली

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर १९३८ मध्ये, ब्रिटनमध्ये स्त्रियांचे एक लष्करी दल उभारण्यात आले. 'ऑक्झिलियरी टेरिटोरियल सर्व्हिस' असे त्याचे नाव. परंतु लांब नावे सैन्यात फार दिवस टिकत नाहीत. थोड्याच काळात सर्वजण त्यास 'ए. टी. एस.' म्हणू लागले. प्रारंभी स्वेच्छेने आलेल्या स्त्रियाच या दलात होत्या. डिसेंबर १९४१ मध्ये कायदा झाला आणि वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित मुलींना युद्धकार्यासाठी बोलावण्यात येऊ लागले. दुकानांतून, कचेऱ्यांतून, घरांतून निघालेल्या हजारो मुली छावणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

छावणीत पाऊल टाकताच त्यांना पहिली अडचण जाणवे ती भाषेची. बोलणे इंग्रजीतच चाले. पण शब्दांचे अर्थ निराळे! 'बिस्किटे नीट रचून ठेवा', असा हुकूम सुटे. ही बिस्किटे खाण्याची नव्हेत. प्रत्येकीच्या खाटेवर एक अखंड गादी नसून गादीचे तीन चौकोनी तुकडे असत; त्यांनाच हे नाव पडले होते. रोज सकाळी ते एकावर एक रचून त्यांवर घोंगड्या व चादरी काटेकोर घडी घालून ठेवाव्या लागत. कसूर झाली, तर वरिष्ठांकडे तक्रार जाई. तिला म्हणत 'फिझर'. मग जी शिक्षा होई, ती 'जँकर्स'. शिक्षेला असे गमतीचे नाव दिले, की ती भोगणे थोडे सोपे होत असावे.

काही शब्द मात्र गमतीतून नव्हे, तर गरजेतून जन्मले. दूरध्वनीवर 'बी', 'डी', 'पी' ही अक्षरे जवळजवळ सारखीच ऐकू येतात. लढाईत असा घोटाळा प्राणघातक ठरावयाचा. म्हणून ब्रिटिश सैन्यातील संदेशवाहकांनी फार पूर्वीच अक्षरांना स्पष्ट उच्चारांची नावे दिली होती. 'ए' म्हणजे 'अॅक', 'एम' म्हणजे 'एमा'. विमानविरोधी तोफांसाठी इंग्रजीत 'ए. ए.' ही अक्षरे वापरीत. त्यांचे झाले 'अॅक-अॅक'. पुढे अक्षरांची नावे बदलली, तरी तोफांचे हे नाव कायम राहिले.

१९४१ पासून या 'अॅक-अॅक' तोफांच्या ठाण्यांवर मुली पुरुषांच्या बरोबरीने काम करू लागल्या. तेथे 'स्पॉटर' मुलगी दुर्बिणीतून शत्रूचे विमान हुडकी. दुसऱ्या मुली त्याची उंची मोजीत. आणखी काही जणी 'प्रेडिक्टर' नावाचे यंत्र चालवीत. तोफेचा गोळा आकाशात पोहोचण्यास काही सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत विमान पुष्कळ पुढे निघून जाते. म्हणून ते आता कोठे आहे हे पाहून भागत नाही. गोळा वर जाईपर्यंत ते कोठे असेल, हे आधी सांगावे लागते. ते गणित हे यंत्र करी. मात्र तोफ डागण्याची अनुमती स्त्रियांना नव्हती. नेम त्यांनी ठरवावा आणि तोफ पुरुषाने उडवावी, अशी ही विचित्र वाटणी होती.

शत्रूच्या बाँबला ही वाटणी ठाऊक नव्हती. एप्रिल १९४२ मध्ये अशाच एका ठाण्यावर प्रेडिक्टर चालवीत असलेली अठरा वर्षांची एक मुलगी बाँबचा तुकडा लागून कोसळली. जवळच उभी असलेली स्पॉटर मुलगी तत्काळ तिच्या जागी गेली आणि काम अखंड चालू राहिले. कोसळलेली मुलगी वाचली नाही.

या मुलींच्या तोंडी आणखीही काही शब्द होते, ते ऐकून मराठी माणसाला हसू येईल. पाहणे म्हणजे 'डेको', सुटीचा किंवा परवानगीचा कागद म्हणजे 'चिट', मायदेश म्हणजे 'ब्लायटी'! 'देखो', 'चिठ्ठी' आणि 'विलायती' यांचीच ही रूपे. हिंदुस्थानात राहून गेलेल्या गोऱ्या शिपायांनी ती परत नेली होती. त्यांतला एक शब्द तर थेट नाशिकजवळचा. मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. उन्हाने व कंटाळ्याने कित्येकांचे डोके ठिकाणावर राहत नसे. यास ते 'डूलॅली टॅप' म्हणत. 'डूलॅली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे ताप. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही, त्यांच्याही बोलण्यात पुढे देवळाली अशी वस्तीला आली.

हुद्द्यांची नावे मात्र मुलींना सैन्याने वेगळी दिली. पुरुष 'कॅप्टन' असेल, तर तेवढ्याच दर्जाची स्त्री 'ज्युनिअर कमांडर'. तो 'मेजर', तर ती 'सीनिअर कमांडर'. त्या वेळची राजकन्या एलिझाबेथ फेब्रुवारी १९४५ मध्ये या दलात आली आणि मोटारदुरुस्ती शिकली, तेव्हा तिचा हुद्दाही 'सेकंड सबाल्टर्न' असाच होता. नावाबरोबर वेतनही निराळे होते. पुरुषाला मिळे त्याच्या दोनतृतीयांश स्त्रीला. युद्ध संपले, १९४९ मध्ये ए. टी. एस. विसर्जित होऊन तिच्या जागी स्त्रियांचे कायम दल आले आणि १९५० मध्ये त्या दलातील स्त्रिया प्रथमच 'कॅप्टन' व 'मेजर' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.